बरणीचा गळा

“चामिगा, झाकण फिरवायच्या आधी बरणीचा गळा बघायचा. नंतर बघून उपयोग नसतो.”

हे सांगताना सुनिल्दाचे गुरू डॉन एउसेबियो डावा हात खिशात घालायचे. शिकणाऱ्या प्रत्येक पोरीला ते चामिगा, म्हणजे मैत्रीण, म्हणायचे. त्या हाताची दोन बोटं नव्हती. कशी गेली ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या कुणी विचारलंही नाही. त्यांना जाऊन आता एक हिवाळा उलटला होता. पण फेब्रुवारीतल्या, तिकडच्या ऐन उन्हाळ्यातल्या, त्या भर दुपारी, सगळं कोरिएंतेस शहर दारं-खिडक्या लावून आडवं झालेलं असताना, सुनिल्दा प्रयोगशाळेच्या दारात आली आणि तोच घोगरा आवाज तिच्या कानात बोलला.

खिडकीशी अरासी उभी होती. संशोधनासाठी पोसादासहून नुकतीच आलेली पोरगी. तिच्या एका हातात काचेची बरणी होती, पपईच्या मुरंब्याची, धुऊन घेतलेली. तळाशी पांढरे रवे. दुसरा हात पत्र्याच्या फिरकीच्या झाकणावर. खिडकीतून आलेल्या तिरिपेत झाकणाखालच्या आट्यांमध्ये साखर सांडल्यासारखं काहीतरी चमकत होतं.

सुनिल्दा उंबऱ्यावरच थांबली.

ते रवे पेरॉक्साइडचे होते. दोन ऑक्सिजन शेजारी शेजारी बांधलेले, एका चुलीवर कोंडलेल्या दोन जावांसारखे. जरा ऊब लागली की वेगळे व्हायला टपलेले. ते वेगळे होतात कसे, हे बघण्यात सुनिल्दाचा जन्म गेला होता. दाण्याएवढा पदार्थ काचेच्या नळीत घालायचा, नळीचं तोंड आचेवर वितळवून बंद करायचं, गरम तेलात ठेवायचं, काढून गार करायचं आणि किती उरला ते बघायचं. एका द्रावकात तो झटकन मोडतो, दुसऱ्यात रेंगाळतो. का? आधी कुठला बंध तुटतो, त्याच्या मागोमाग कुठला? घरात कुणी विचारलं तर ती म्हणायची, “भांडण कुठून सुरू होतं, तेवढं आम्ही शोधतो.” हिवतापावरच्या काही औषधांत असाच बंध असतो, हे ती सांगेसांगेपर्यंत ऐकणारा उठून गेलेला असायचा.

या रव्यांची एक खोड होती. ते कापरासारखे न वितळताच उडायचे आणि वर जाऊन झाकणाला बिलगायचे. दुपारी वीज गेली आणि फ्रिज कोमट झाला, की जास्तच. आट्यांमध्ये असे रवे अडकले असताना झाकण फिरवलं, तर तेवढं घासणंही त्यांना पुरतं. म्हणून या प्रयोगशाळेत फिरकीचं झाकणच नव्हतं. सगळीकडे बुचं, तीही सैल. चहाच्या साखरेच्या बाटलीलासुद्धा बूच. ही सवय सुनिल्दाबरोबर घरी आली होती. लोणच्याची बरणी उघडण्याआधी ती तिचा गळा न्याहाळायची आणि तिचा नवरा क्रिसान्तो म्हणायचा, “काय गं सुनी, घशाला सूज आहे का तिच्या?”

आता ओरडावं, तर ओरडणं तिला कधी जमलंच नव्हतं. विद्यार्थी विचारायचे, “प्रोफे, तुमचा आवाज वाढवायचं बटण कुठंय?” चर्चमध्ये तिची वाचायची पाळी आली की पाद्री न बोलता माईक तिच्या ओठांपाशी सरकवायचे.

बेसिनवर इतातीच्या माउलीची, त्या दूरच्या तीर्थातल्या कुमारी मातेची, लहानशी तसबीर होती. ईथरच्या शेजारी मेणबत्ती लावायची सोय नाही, म्हणून सुनिल्दा रोज सकाळी काम सुरू करण्याआधी तिथे मोगऱ्याचं एक फूल ठेवायची. सुट्टीच्या दिवशीही तेवढ्यासाठी यायची. आत्ताही नजर तिकडे गेली. ‘माते, पोरीचे हात राहू देत. मी चालत येईन तुझ्याकडे.’

मग ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली, “तशीच थांब, पोरी. फिरवू नकोस.”

अरासीने फक्त मान वळवली. “काय म्हणालात?”

“झाकणावरचा हात काढ. हळू.”

पोरीने सुनिल्दाचा चेहरा पाहिला आणि हात काढला.

“आता ती समोरच्या टॉवेलवर ठेव. आपटू नकोस. झोपलेल्या बाळाला ठेवतात तशी.”

बरणी टॉवेलवर टेकली.

“आता ये माझ्याकडे.”

अरासी आली. सुनिल्दाने तिचं मनगट धरलं आणि इमारतीबाहेर आंब्याच्या झाडाखाली पोचेपर्यंत सोडलं नाही.

अग्निशमनवाले आले. त्यांच्यातल्या स्फोटकांच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि मिशीवरचा घाम पुसत विचारलं, “मुरंब्याच्या बरणीत, सेन्योरा?”

“मुरंब्याच्या.”

“माझी सासू करते, तोही असाच असतो.” एवढं बोलून तो जाड कपडे चढवून आत गेला.

बरणी त्यांनी नदीकाठच्या मोकळ्या माळावर उडवून द्यायला नेली. या दोघी पायरीवर बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने तिकडून आवाज आला, कोरडा, लहानसा, कुणी जाड फांदी मोडावी तसा. आंब्यावरचे पोपट उडाले. गल्लीतली कुत्री भुंकली आणि गप्प झाली.

अरासीने आपले दोन्ही हात मांडीवर उलटे-सुलटे करून पाहिले. मग ती रडली, आणि रडता रडता हसायला लागली. सुनिल्दाने तेरेरे, म्हणजे पाल्याचा थंडगार चहा, भरून भांडं तिच्यापुढे केलं.

“काल बुचं संपली होती, प्रोफे. कोठीवाला झोपायला गेला होता. मला वाटलं, झाकण घट्ट असेल तेवढं बरं.”

“पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी तुला.”

“कधी?”

“धूर ओढणाऱ्या कपाटापाशी. पंखा चालू होता बघ, तेव्हा.”

अरासी क्षणभर आठवत राहिली. “अय्या, तेव्हा होय? मला वाटलं, तुम्ही जपमाळ पुटपुटताय. म्हणून मान खाली घालून उभी राहिले.”

सुनिल्दाला इतकं हसू आलं की तिने रसायनांच्या डागांनी भरलेल्या कोटाची बाही तोंडावर धरली. हसू ओसरल्यावर ती म्हणाली, “मग आज बरं ऐकू आलं.”

“कुठे आलं?” अरासीने नळीने ओढत भांडं रिकामं केलं. “नुसती पुटपुट आली. काय म्हणताय ते कळेना, म्हणून थांबले. तुम्ही ओरडला असतात ना, तर मी दचकून...” तिने हवेत मनगट फिरवलं.

सुनिल्दाने भांडं परत घेऊन पुन्हा भरलं.

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली. ‘इथे काहीही फिरवू नका.’ अक्षरं एवढी मोठी, की रस्त्यावरून वाचता यावीत. पाटी सुनिल्दाने स्वतः रंगवली होती.

शनिवारी उजाडायच्या आधी ती बूट बांधत होती. क्रिसान्तो खाटेवरून तिच्या सुजलेल्या गुडघ्याकडे बघत होता.

“बसनं जा की. माउली काय तिकीट तपासणार आहे?”

“चालत येईन म्हटलंय मी.”

“तू म्हटलंस म्हणजे मनात. तिला तरी कुठे ऐकू गेलं असेल?”

“तिला येतं.”

तो उठला आणि त्याने पिशवीत चार चिपा, चीजचे छोटे पाव, आणि गुडघ्याचा पट्टा ठेवला. पाण्याची बाटली अरासीने आदल्या संध्याकाळी आणून दिली होती. काचेची होती, तोंडाला नवं कोरं बूच. ‘फिरवायला काही नाही, प्रोफे,’ एवढंच म्हणून पोरगी लाजून निघून गेली होती.

सुनिल्दाने बाटली उजेडात धरली. गळा पाहिला. स्वच्छ होता. बाटली पिशवीत ठेवून तिने फाटकाची कडी आवाज न करता लावली आणि इतातीच्या रस्त्याला लागली.