मंगळावरच्या पाहुण्याचा टोप

मी बोलतोय, पण जरा घाईत आहे. पडदा उघडायला थोडाच वेळ उरलाय आणि मला रंगपटात आरशासमोर ठेवलंय. मी टोप आहे. चंदेरी, काळ्या काचेचा, वर दोन लवलवत्या स्प्रिंगा असलेला. तुम्ही मला पोस्टरवर पाहिलं असेल. माझ्या आतला माणूस मात्र तुम्ही कधीच पाहिलेला नाही, आणि सगळी बोंब तिथेच आहे.

जन्माने मी मोटारसायकलवाल्याचं साधं हेल्मेट. त्या काळात गाण्यांना भलतंच वेड लागलं होतं. कुणी उडत्या तबकडीवर गायचं, कुणी आग ओकणाऱ्या ड्रॅगनवर, कुणाची प्रेयसी तर थेट चंद्रावर राहायची. आमच्या गायकानेही एक गाणं रचलं. मंगळावरचा एक पाहुणा पृथ्वीवर येतो, इथलं हसणं-रडणं शिकतो, आणि घरी परततो तेव्हा त्याला कुणीच ओळखत नाही. गाणं झकास होतं, पण गायक भलताच लाजरा. चार माणसं समोर बसली की त्याच्या घशाला कोरड पडायची.

त्याची थोरली बहीण कपडे शिवायची. "भोपळ्या, तोंडच झाकून टाकू या की तुझं," ती म्हणाली. तिने टेपने त्याच्या डोक्याचा घेर मोजला, "केवढं हे टाळकं!" म्हणून पोट धरून हसली, आणि मला चंदेरी कापड चढवून आतून मऊ अस्तर लावलं. माइकवाल्याने आत एक यंत्र बसवलं. त्यातून आवाज पत्र्यासारखा निघायचा, अगदी परग्रहावरचा वाटावा असा.

मग काय विचारता! सभागृहं ओसंडून वाहू लागली. माणसांचं मला मोठं नवल वाटतं. शेजारच्या घरात कोण एकटं राहतं याची यांना गंधवार्ता नसते, पण मंगळावरच्या एकट्या जिवासाठी ढसाढसा रडतात. 'दार उघडा, मी तुमचाच आहे' ही शेवटची ओळ आली की सगळे उभे राहायचे. आत भोपळ्याही रडायचा. ते फक्त मला कळायचं, कारण माझं अस्तर ओलं व्हायचं.

पुढे त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गाणं बंद ठेवायला सांगितलं. कार्यक्रम तर ठरलेले, म्हणून मॅनेजरने मला ड्रमवाल्याच्या डोक्यावर चढवलं. त्याचं डोकं लहान, मी नुसता डगडगायला लागलो. शेवटी आत स्पंज कोंबला. कुणाच्या म्हणजे कुणाच्या काही लक्षात आलं नाही. त्या यंत्रातून सगळेच आवाज सारखे निघतात.

घसा बरा झाल्यावर भोपळ्या परत आला. मॅनेजर म्हणाला, "अरे, तू कशाला जिवाला त्रास करून घेतोस? चाललंय की छान. आणि हा नाचतोसुद्धा." भोपळ्याला भांडता कुठे येतं? "बरं," म्हणाला आणि निघून गेला. माझा नुसता जळफळाट झाला, पण टोपाला विचारतंय कोण!

तेव्हापासून मला चैन नाही. तो दर कार्यक्रमाला तिकीट काढून येतो आणि अगदी मागे बसतो. एकदा शेवटच्या ओळीला त्याला राहवलं नाही. उभा राहून गायला लागला, यंत्राशिवाय, स्वतःच्या आवाजात. तो आवाज तिथे कुणी कधी ऐकलाच नव्हता.

"ओ काका, बसा खाली! गाणं ऐकू द्या!" कुणीतरी खेकसलं.

तो बसला. मला काचेतून सगळं दिसत होतं.

आज मघाशी त्याची बहीण टाका घालायच्या निमित्ताने आत आली. तिने दार लोटलं, माझ्यातला स्पंज उपसला आणि पिशवीत कोंबला. "घसर आता, मेल्या," ती मला म्हणाली. "माप माझ्या भावाचं आहे."

घसरणारच आहे मी. शेवटच्या ओळीच्या आधी, ड्रमवाल्याच्या नाकाखाली. तो चाचपडेल, गाणं तुटेल, सगळीकडे चिडीचूप होईल. तेव्हा मागून एक आवाज येईल, जरासा चिरकलेला. तुम्ही समोरच बसलेले असाल. हात नाहीत म्हणून नुसतंच विनवतो, माझ्याकडे बघत राहू नका. मागे वळा. आणि एवढ्या वेळेला तरी त्याला खाली बसा म्हणू नका.