वाटेवरच्या माणसाचा विमा

"एवढंच म्हणायचं, की त्या दिवशी तुम्ही आपणहून गेला होतात. मंडळानं पाठवलं नव्हतं," वस्तीच्या मंडळाच्या बैठकीत अध्यक्ष कुरोइवा हातातला चहाचा पेला फिरवत म्हणाले.

"मग सकाळी फोन कोणी केला होता?" फुसाएनं ताडकन विचारलं. "'मियोआजींचं छप्पर करकरतंय, माणसं घेऊन जा,' हे तुमच्याच तोंडचं ना?"



फुसाए गावात केशकर्तनाचं दुकान चालवायची. नवरा गेल्यापासून एकटीच. उत्तर जपानातल्या आकिताच्या त्या डोंगराळ भागात हिवाळ्यात छपरांवर छातीइतका बर्फ साचतो, आणि तरणी पोरं सगळी तोक्योत. म्हणून वस्तीच्या मंडळातली माणसं म्हाताऱ्यांची छपरं फुकट मोकळी करायची. खाली रस्त्यावर उभं राहून लोकांना अडवायचं काम फुसाएचं. त्या दिवशीही ती ओरडली, हात आडवे केले. पण कानटोपी घट्ट ओढलेले उशिदा मास्तर बोळातून खाली मान घालून आले, आणि वरचा ढीग घसरून त्यांच्या अंगावर आला. मांडीचं हाड मोडलं.

मंडळाचा विमा होता, पण तो छपरावर चढणाऱ्यांचा. वाटेवरच्या माणसाला लागलं तर काय, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता मास्तरांचा मुलगा भरपाई मागत होता.

"ताई, मंडळावर आलं तर जत्रेचा निधी जाईल हो," खजिनदार अजिजीनं म्हणाले. "एकट्या बाईवर आलं तर तो पोरगाही जरा दमानं घेईल."

"म्हणजे मी बुडाले तरी चालेल, ढोल वाजले पाहिजेत."

"तसं नाही..."

"तसंच आहे. माझी नजर कमी पडली, हे मास्तरांना दवाखान्यात जाऊन मी स्वतः सांगून आले. माझा वाटा मी उचलेन. पण काम आपल्या सगळ्यांचं होतं. कोर्टात उभं केलंत तरी हेच सांगेन!"

शेवटी निधी मास्तरांच्या घरी गेला, त्यात फुसाएची थोडी शिल्लकही गेली. त्या वर्षी जत्रा झाली नाही. कुरोइवांनी फर्मान काढलं, यापुढे मंडळातल्या कोणी कोणाच्या छपरावर चढायचं नाही. फुसाएच्या दुकानातलं गिऱ्हाईक आटलं. बायका केस कापायला पलीकडच्या गावी जाऊ लागल्या. तिनं दुकानाचं दार मात्र एक दिवसही उशिरा उघडलं नाही.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत पुन्हा जोराचा बर्फ पडला. फुसाए खांद्यावर शिडी घेऊन मियोआजींच्या दारात उभी राहिली.

"नको गं बाई," म्हातारी म्हणाली, "तुला मनाई केलीय ना त्यांनी?"

"मला केलीय. बर्फाला कुठं केलीय? तुम्ही आत बसा बघू."

कमरेला दोर बांधून ती वर चढली. थोडा बर्फ कडेशी आणला आणि थांबली. खाली नजर ठेवायला कोणी नव्हतं. ती शिडीवरून उतरली, रस्त्यावर आली, दोन्ही बाजूंना डोळे ताणून पाहिलं, बोळात डोकावली. वाटेवर दोर आडवा बांधला. मग पुन्हा वर जाऊन तिनं तो ढीग खाली लोटला.

आणि पुढचा लोटण्याआधी पुन्हा पाहायला खाली उतरली.