बशीतली आतडी

सासऱ्यांना दूध पचत नाही, हे घरात कधीचंच ठरून गेलं होतं. संशोधक सुनेला ते पटेना. दुर्बिणीच्या तपासणीत काढलेला त्यांच्या आतड्याचा कण तिने प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवला, आणि त्यातून राईएवढी इवली आतडी तयार झाली. त्यांना भरवायला तिला सुट्टीच्या दिवशीही जावं लागे. ती परतली की सासरे मायेने विचारत, "जेवली का माझी पिल्लं?"

एकदा तिने पिल्लांना दुधातली साखर दिली. पिल्लांनी ती बिनतक्रार पचवली.

संध्याकाळी तिने सासऱ्यांपुढे दुधाचा पेला ठेवला. "बाबा, तुमच्या पिल्लांना दूध छान पचतं."

सासऱ्यांनी तोंड वाकडं करून पेला परत सरकवला.

"पचणारच. त्यांना मेल्यांना जीभ कुठे आहे?"