तळसुळीचे देसाई परत आले

माघ सरत आला होता. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर ऊन मधासारखे घट्ट झाले होते. घट्ट, संथ आणि सुगंधी. सुरंगीच्या फांद्याफांद्यांना पांढऱ्या-पिवळ्या फुलांचे लगडते झुबके फुटले होते. काजूच्या मोहरावर मधमाश्यांचा मंद्र षड्ज लागला होता. आणि दूर, फार दूर, क्षितिजाच्या पायथ्याशी सागराची एक निळी रेघ थरथरत होती.

त्या उतारावरून एक वृद्ध गृहस्थ हळूहळू खाली येत होते. अंगरखा विटलेला, पागोट्याचा रंग उडालेला, पण पाऊल मात्र वाटेला विचारून पडत नव्हते. ही वाट त्यांच्या पावलांना पाठ होती.

हे तळसुळी महालाचे देसाई, रुद्राजीराव. एके काळी या घाटातल्या साऱ्या गावांचा मान त्यांचा, पहिले निशाण त्यांचे, पालखीचा पहिला खांदा त्यांचा. आज त्यांच्यापाशी एक काठी होती आणि कंपनी सरकारने दिलेली माफी होती. म्हाताऱ्या वाघाचे दात पडल्यावर पिंजऱ्याचे दार उघडावे, तशी ती माफी.

बंडानंतरची सारी वर्षे त्यांनी दूरच्या एका उजाड किल्ल्यात कैदेत काढली. सपाट, करडा, वृक्षहीन तो मुलूख! तिथे त्यांच्या पत्नी सगुणाबाई रोज संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून बसत.

“दर्यावरचा वारा येतोय का हो?” त्या विचारत.

“येतोय,” रुद्राजीराव म्हणत.

तो येत नसे. तो येणे शक्यच नव्हते. त्या न येणाऱ्या वाऱ्यावर सगुणाबाई जगल्या, आणि एका रखरखीत वैशाखात, पश्चिमेकडे तोंड करूनच, विझल्या.

उतार संपत आला. झाडी विरळ झाली, आणि रुद्राजीरावांच्या मनात जुने दिवस दाटून आले.

तो शिमगा! कंपनीच्या माणसांनी देवराईतल्या सागांवर कुऱ्हाड घातली, आणि घराघरातल्या तलवारी मागितल्या. देवाचे झाड तोडू, तुमचे हत्यार मोडू, आणि तुम्ही मुजरा करा! होळीच्या उजेडात रुद्राजीरावांनी म्यान फेकून दिले होते. सारा घाट त्यांच्यामागे उभा राहिला होता. गुराखी, कुणबी, भंडारी, गावडे. हातात कोयते, भाले, ठासणीच्या बंदुका. आणि सर्वांच्या पुढे फोंडू गावडा. सागासारखा सरळ, शिसवासारखा काळासावळा, हसला की दात चांदण्यासारखे फुटत.

काय ते दिवस! रानफुलांच्या वासात बंदुकीच्या दारूचा वास मिसळला होता. कड्याकड्यांतून शिंगे घुमत होती. चैत्र त्यांचा होता, वैशाख त्यांचा होता. खिंडी त्यांच्या होत्या. जणू पृथ्वीच त्यांच्या बाजूने लढत होती.

मग तोफा आल्या. ज्येष्ठात गढी पडली. आषाढाच्या धुवांधार धारांत मूठभर माणसे रानात पांगली, आणि देसायांना लपवले म्हणून गावे पेटू लागली. भर पावसात छपरे जळताना रुद्राजीरावांनी पाहिली. तेव्हा ते आपल्या पायांनी खाली उतरले आणि त्यांनी तलवार चिखलात ठेवली.

बंड संपले. गाणे मात्र उरले.

सकाळीच घाटमाथ्यावर लाकडे वेचणाऱ्या बायकांच्या तोंडी ते त्यांनी ऐकले होते. फोंडू गावड्याचे गाणे. फोंडूने तोफेच्या तोंडाला छाती लावली, फोंडूच्या रक्ताची जास्वंद झाली, फोंडू हसत हसत स्वर्गी गेला. रुद्राजीराव ऐकत उभे राहिले होते. फोंडू तसा मेला नव्हता. हे जाणणारे एकच माणूस आता जगात उरले होते, आणि ते माणूस ते स्वतः होते.

फोंडूचे खोपटे ओढ्याकाठी होते. अंगणात त्याची बायको आवडू कुळीथ झोडत होती. केस कापसासारखे, पाठ धनुष्यासारखी. तिने मान वर केली. बराच वेळ पाहिले.

“देसायांनू? तुम्ही?”

“मीच, आवडू.”

तिने पाट आणला. रुद्राजीराव पाटावर बसले नाहीत. तिच्यासमोर, शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसले. तिला काय सांगावे, हे त्यांनी सारी वाट मनात जुळवले होते. गाण्यातलेच सांगायचे. सगुणाबाईंना वारा दिला, तशी हिला जास्वंद द्यायची.

“माझो घोव मरतेवेळी तुम्ही होतात?” आवडूने विचारले.

“होतो. त्याचे डोके माझ्या मांडीवर होते.”

“मगे सांगा. गाण्यातला नको. गाणा माका पाठ आसा. खरा सांगा.”

ओढा वाहत होता. कुळथाचा भुसा उन्हात सोन्याच्या कणांसारखा तरंगत होता. रुद्राजीरावांनी वाटेत जुळवलेले शब्द सोडून दिले. मग त्यांनी डोळे मिटले.

“तोफ नव्हती, आवडू. माघारी येताना मांडीत गोळी शिरली. गुहेत आम्ही दोघेच. बाहेर पाऊस. त्याला ताप चढला. त्या तापात तो नांगर धरीत होता. बैलांना हाका मारीत होता. मला ओळखीत नव्हता. देवाचे नाव नाही, बंडाचे नाही. एकच सारखे म्हणत होता, ‘आवडू, वरचो बांध फुटलो गो. पाणी आडव. रोप व्हावान जायत.’ पहाटे पाऊस थांबला, आणि तोही थांबला.”

आवडूने झोडपण्याची काठी बाजूला ठेवली. आणि मग, सुरकुत्यांच्या त्या जाळ्यातून, आधी हसू फुटले आणि मागोमाग आसवे.

“फुटलेलोच तो बांध,” ती म्हणाली. “त्याच पावसात. मियां एकटेन घातलंय. राती गुडघाभर पाण्यात उभी रवलंय आणि त्याका शिव्या घातलंय. बंडात गेलो, माका सोडून गेलो, म्हणान.” तिने पदर तोंडाला लावला. “आणि तो थंयसून माझोच बांध बघी होतो!”

गाण्यातला फोंडू साऱ्या गावाचा होता. हा फोंडू तिचा होता. एकटीचा, चिखलाने भरलेल्या पायांचा.

“माझ्यामुळे तुझे सारे गेले, आवडू,” रुद्राजीराव म्हणाले. त्यांचा आवाज सुकलेल्या पानासारखा वाजला.

“तुमचा खंय काय उरला, देसायांनू?” ती म्हणाली. आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. “उठा, हात धुवा. पेज निवान जायत.”

तिने केळीच्या पानावर चटणी वाढली, मातीच्या वाडग्यांत पेज ओतली. देसाई आणि गावडीण, एका अंगणात, एकमेकांसमोर बसले. वाफ मंद मंद वर चढली, ऊन मंद मंद खाली उतरले. ओढ्यापलीकडे दोन भातखाचरे सांजेच्या उजेडात न्हाली, केशरी झाली, जांभळी झाली, काळी झाली. आणि त्या काळोखात दोन म्हाताऱ्या माणसांचे घास, सावकाश, सावकाश, चालू राहिले.