रिकाम्या सीटवर कोण बसलंय?

सोरेगोल गावच्या समाजमंदिराच्या अंगणात त्या सकाळी किमचीचं, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याचं, काम अर्ध्यावर थांबलं होतं. मिठात मुरलेल्या कोबीचे ढीग तसेच पडले होते, तिखटाचं लालभडक वाटण परातीत तसंच होतं, आणि कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवलेल्या बायका हात अधांतरी धरून एका छोट्या पांढऱ्या गाडीभोवती दाटीवाटीनं उभ्या होत्या. पुरुषही होते. पण ते जरा मागे, सिगरेट ओढत, आपल्याला यात काही नवल नाही असा चेहरा करून. कान मात्र त्यांचेही टवकारलेले.

गाडीत एकटी बोंगसून होती. साठी ओलांडलेली बाई, दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलेलं की जणू ते सोडलं तर गाडी उडून जाईल. शेजारची सीट रिकामी. अगदी पिशवी नाही की स्वेटर नाही.

ख्वांगम दोसानं हात वर केला. दोसा म्हणजे सिद्धपुरुष. त्याच्या अंगात जुन्या काळचे एक सेनापती येत. पिवळा रेशमी झगा आणि त्यावर घोट्यापर्यंतचा काळा फुगीर कोट असा त्याचा वेश होता, कारण थंडी सेनापतींनाही वाजते. त्याची खूण होताच बोंगसूननं गाडी चार हात पुढे घेतली. आणि गाडी ओरडू लागली. टिंग, टिंग, टिंग. समोर लाल दिवा लागला: शेजारी बसलेल्या माणसानं पट्टा लावलेला नाही.

शेजारी माणूसच नव्हता.

बायका एक पाऊल मागे सरल्या. दोसानं डोळे मिटले. सेनापती म्हणताहेत, तो सांगू लागला, की बसलेला माणूस मातीत राबलेला आहे. त्याचा डावा गुडघा दुखायचा. जाताना त्याच्या मनात एक गोष्ट राहून गेली. सोरेगोलात गुडघा न दुखणारा म्हातारा अजून जन्माला यायचा होता, आणि मनात काही न ठेवता गेलेलाही कुणी ऐकिवात नव्हता. तरी सगळ्यांच्या अंगावर सरसरून काटा आला.

"हेरिमच्या आई," दोसा खालच्या आवाजात बोंगसूनला म्हणाला, "ते आलेत. तुमचे मालक."

त्यानं बाहीतून एक पितळी टोक काढलं. पट्ट्याचं बक्कलात अडकवायचं असतं तसंच, पण त्याला पट्टा नव्हता आणि त्यावर लाल शाईत मंत्र होता. गाडीत वाकून त्यानं ते रिकाम्या सीटच्या बक्कलात खटकन बसवलं. आवाज बंद झाला, दिवा विझला. अंगणातून एक लांब सुस्कारा उठला आणि बोंगसून स्टिअरिंगवर डोकं टेकून रडू लागली.

नवरा वसंतात गेला होता. गाडी त्यानंतरची. मुलगी हेरिम सातव्या महिन्यात माहेरी आली, जावई जहाजावर, आणि दवाखाना खिंडीपलीकडच्या शहरात. म्हणून बोंगसूननं या वयात धाडस करून जुनी गाडी घेतली आणि गेल्या आठवड्यात रीतीप्रमाणे तिची पूजा घातली. बॉनेटसमोर डुकराचं मुंडकं मांडलं, दोऱ्यानं गुंडाळलेला सुका मासा ठेवला, चाकांवर तांदळाची दारू ओतली. इतर गावांत एवढ्यावर भागतं. ख्वांगम दोसाची पद्धत मात्र निराळी. तो त्या दारूत मूठभर जाडं मीठ कालवी, भूतबाधा टळावी म्हणून, आणि अर्धी किटली चालकाशेजारच्या सीटवर रिती करी. त्या दिवसापासून सीट ओरडू लागली.

पहिल्यांदा ओरडली तेव्हा बोंगसून घाबरली होती. दुसऱ्यांदा ती हळूच म्हणाली, "अहो, तुम्ही आहात का?" त्यानंतर ती रोज त्या सीटशी बोलू लागली. कोबी कसा झाला, कुणाच्या घरी काय झालं. नवऱ्याला या गाडीत बसायला मिळालंच नव्हतं. तू गाडी शिकलीस तर मी पोहायला शिकेन, असं तो तिला चिडवायचा. हेरिमचा या भानगडीवर काडीचा विश्वास नव्हता, पण वसंतापासून आई पहिल्यांदाच पोटभर जेवत होती, म्हणून ती गप्प राहिली.

आता दोसानं खरी भीती घातली. मेलेल्या माणसाला एकटं करमत नाही, तो म्हणाला. त्याला सोबत हवी असते, आणि न जन्मलेलं मूल सगळ्यांत हलकं. मुलगी त्याच सीटवर बसून दवाखान्यात जाते ना? पट्टा लावाल तर आजा आणि नातू एकाच फासात बांधले जातील. वर पट्ट्यानं नाळ बाळाच्या गळ्याभोवती आवळते ती निराळीच. तेव्हा टोक बक्कलात राहू द्या, मुलीला मोकळं बसू द्या. बाकी सेनापती बघून घेतील.

गावातल्या निम्म्या गाड्यांत अशी टोकं आधीच बसली होती. सरपंचाच्या व्हॅनमध्येही.

तासाभरातच मायलेकी तपासणीला निघाल्या. हेरिमनं पट्ट्याकडे हात नेला तेव्हा बोंगसूननं तो हात धरला. तिचा स्वतःचा हात थंडगार होता. आईचा असा चेहरा हेरिमनं बाबांना नेलं त्या दिवशीच पाहिला होता. तिनं पट्टा सोडून दिला.

अस्वलखिंडीच्या तिसऱ्या वळणावर एक पाणहरीण झाडीतून रस्त्यात आलं.

बोंगसूननं ब्रेक दाबला. गाडीचा वेग फारसा नव्हता. तरीही हेरिम सीटवरून उचलली गेली, तिचे तळवे समोर आपटले, कपाळ काचेला लागलं, आणि पोट समोरच्या कप्प्यापासून वीतभर अंतरावर थांबलं. हरीण निघून गेलं. गाडीत टिंग नव्हतं की लाल दिवा नव्हता. पितळी टोक आपल्या जागी गप्प बसलं होतं.

"आई," हेरिम म्हणाली, "बाळ हलत नाहीये."

बोंगसूननं गाडी कशी वळवली ते तिचं तिला कळलं नाही. समाजमंदिराला लागूनच सरकारी आरोग्यकेंद्र होतं. तिथे डॉक्टर थाक म्हणून तरुण पोरगा होता, सैन्यातल्या सक्तीच्या सेवेऐवजी खेड्यात नेमलेला. गावातल्या आज्या गुडघेदुखी सांगायला येत आणि तुझं लग्न कधी म्हणून विचारून जात. त्यानं काही न विचारता हेरिमला आडवं केलं आणि पोटावर यंत्र फिरवू लागला. नुसती खरखर. यंत्र खाली गेलं, बाजूला गेलं. पुन्हा खरखर. बोंगसून भिंतीला टेकून मनात एकच वाक्य म्हणत होती: अहो, नका नेऊ. अहो, मी येते तुमच्याबरोबर, त्याला नका नेऊ.

मग शिलाईयंत्र भरधाव चालावं तसा आवाज खोलीभर झाला.

ठोके नीट होते. डॉक्टरनं कपाळावरचं टेंगूळ तपासलं. पोटाला मार नाही, पण असा धक्का बसल्यावर काही तास शहरातल्या दवाखान्यात देखरेखीखाली राहायलाच हवं, तो म्हणाला. आत्ताच निघा. आणि पट्टा का नव्हता?

बोंगसूननं सगळं सांगितलं. पट्टा लावणार नाही, तिनं ठणकावलं. रुग्णवाहिका बोलवा.

"रुग्णवाहिकेतही पट्टे असतात, काकू."

"तिथे ते बसलेले नसतील."

डॉक्टर थाक खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. मग त्यानं विचारलं, सीट कधीपासून ओरडते? पूजेपासून. सीटवर काय ओतलं? तिनं सांगितलं. सरपंचाच्या व्हॅनचंही असंच? हो, पूजेपासूनच. तो उठला. हेरिमपाशी परिचारिकेला बसवून त्यानं टेबलावरची स्पिरिटची बाटली आणि कापूस उचलला. "मला अर्धा तास द्या," तो म्हणाला. "तेवढ्यात तुमची खात्री पटली नाही तर मी स्वतः रुग्णवाहिका बोलावतो."

अंगणात बायका पुन्हा कोबीत गुंतल्या होत्या आणि दोसा ताज्या किमचीबरोबर उकडलेलं डुकराचं मांस खात होता. डॉक्टरनं बोंगसूनच्या गाडीची शेजारची सीट पुढे सरकवली आणि मोबाइलच्या उजेडात खाली डोकं घातलं. मग बोंगसूनला वाकायला लावलं. सीटखाली वायरींचा एक जोड होता. त्यावर पांढरी खारट साय धरलेली, आणि आंबलेल्या दारूचा वास.

बायका जमल्या. त्यानं सोप्या शब्दांत सांगितलं. या गादीत एक पातळ पट्टी असते. माणूस बसला की त्याच्या वजनानं ती दाबली जाते, वीज जोडली जाते आणि गाडीला कळतं की कुणीतरी बसलंय. तिथे मिठाचं पाणी मुरलं तरी वीज जोडली जाते. गाडीला डोळे नाहीत. तिला माणूस आणि मीठ एकच.

स्पिरिटनं त्यानं जोड पुसला, समाजमंदिरातलं केस वाळवायचं यंत्र आणवून गादी आणि जोड बराच वेळ शेकला. मग पितळी टोक उपसून बोंगसूनला म्हणाला, गाडी पुढे घ्या.

गाडी पुढे गेली. टिंग नाही.

दोसा तोंड पुसत आला. अर्थातच नाही, तो म्हणाला. अशा अपवित्र हातांनी छळलं तर आत्मा उतरूनच जाणार. आता तो अंगणात मोकळा फिरतोय, आणि पुढे जे होईल त्याची जबाबदारी या पोरावर. बायकांनी इकडेतिकडे पाहिलं. एकीनं नकळत पाय उचलून घेतला. बोंगसून गाडीतून उतरून अंगणभर बघू लागली, कारण हेही खरं असू शकत होतं.

डॉक्टरनं वाद घातला नाही. त्यानं परातीशेजारचं मूठभर मीठ दोसाच्या ताटाजवळच्या दारूच्या किटलीत टाकलं, ढवळलं, आणि आपल्या नव्याकोऱ्या गाडीच्या शेजारच्या सीटवर ओतलं. बायका हळहळल्या. अजून हप्ते चालू असतील रे पोरा, एक आजी पुटपुटली. तो आत बसला, गाडी चालू केली, अंगणात एक चक्कर मारली. दुसऱ्या चकरेला सीट ओरडू लागली.

"कोण बसलंय?" त्यानं काच खाली करून दोसाला विचारलं.

"तुमचे वडील," दोसा म्हणाला. त्याला विचार करायला वेळच मिळाला नव्हता.

"सकाळीच त्यांनी फोनवर मला लग्नावरून झापलंय. ठणठणीत आहेत."

बायकांत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आजोबा असतील, दोसा म्हणाला. असतील, डॉक्टर म्हणाला, आणि केस वाळवायचं यंत्र घेऊन आजोबांना शेकू लागला. आजोबा थोड्या वेळानं शांत झाले.

"एकच सांगा," डॉक्टर म्हणाला. "तुमचं भूत कधी स्टिअरिंगसमोर का बसत नाही? नेहमी शेजारीच का? कारण तिथे माणूस बसलेलाच असतो, मग गाडी ओरडली तरी भूत दाखवणार कसं?"

दोसा म्हणाला, सेनापतींना दुसऱ्या गावी तातडीचं बोलावणं आलंय. मांसाचं ताट अर्धं टाकून तो गेला. हा सिद्धपुरुष पूर्वी शहरात गाड्यांना सीटकव्हरं बसवायचा, हे पुढे कळलं. सरपंच व्हॅनकडे गेला आणि बक्कलातलं टोक उपसून आला.

बोंगसून अजून गाडीच्या उघड्या दारापाशी उभी होती.

"म्हणजे ते नव्हतेच?"

डॉक्टरला गोड काही बोलता आलं असतं. "नव्हते, काकू," तो म्हणाला.

तिनं मान हलवली. आठवडाभर ती मिठाशी बोलत होती. कोबीची, शेजाऱ्यांची, हेरिमच्या सुजलेल्या पायांची खबर तिनं मिठाला दिली होती. वसंतात एकदा गेलेला माणूस त्या दुपारी दुसऱ्यांदा गेला, आणि या खेपेला रडायलाही वेळ नव्हता, कारण मुलगी आरोग्यकेंद्राच्या पायऱ्या उतरत होती.

डॉक्टरनं हेरिमचा लांब फुगीर कोट काढायला लावला. त्याच्यावरून पट्टा सैल राहतो, तो म्हणाला, थंडी वाजली तर कोट वरून पांघरा. सीटची पाठ सरळ. खालचा पट्टा पोटावर नाही, पोटाच्या खाली, कमरेच्या हाडांवर चपटा. वरचा खांद्यावरून, छातीच्या मधून, पोटाच्या बाजूनं. काखेतून कधी नाही. नाळ आतल्या पाण्यात तरंगते, बाहेरच्या पट्ट्यानं ती आवळत नाही. पण पट्टा नसेल तर आईचं सगळं वजन बाळावर पडतं. आणि ते टोक गाडीला खोटं सांगतं की पट्टा लावलाय. मग धडकेत समोरून एअरबॅगचा फुगा फुगून येतो, तेव्हा पुढे फेकलं गेलेलं माणूस त्याच्यावर जाऊन आपटतं. डॉक्टरनं अपघात विभागात हे पाहिलं होतं.

तिनं स्वतः वाकून पट्टा ओढला, मुलीच्या पोटाखालून सपाट केला, दोन बोटं घालून तो पिळला तर नाही ना ते पाहिलं, आणि बक्कलात अडकवला. मग आपला लावला.

खिंडीत तिला भीती वाटत होती. सकाळइतकीच. फक्त आता ती भीती शेजारच्या सीटवर नव्हती. ती वळणांवर होती, ओल्या पानांवर, झाडीतल्या हालचालीवर, वेगाच्या काट्यावर. बोंगसून घाबरत घाबरत, हळू, नीट गाडी चालवत होती.

भीती वाटणं काही वाईट नाही. ती आपल्याला मिळालेली आहे, वापरायला. पण कशाला भ्यायचं हे दुसऱ्या कुणाला ठरवू देऊ नका. झगेवाल्याला तर मुळीच नाही. गाडी ओरडली की आत बघा, खाली बघा, विचारा की ही का ओरडतेय. आणि सीटवर हाडामांसाचं माणूस असेल तर त्याला पट्टा लावा, मगच निघा.

तिसऱ्या वळणापाशी हेरिमनं आईचा हात ओढून पोटावर ठेवला. बोंगसूननं तो लगेच काढून घेतला.

"दोन्ही हात स्टिअरिंगवर हवेत," ती म्हणाली. "लाथ मारतोय तर मारू दे. पोचल्यावर बघते त्याच्याकडे."