नवऱ्याची खिडकी

"नवऱ्याला घेऊन या," खिडकीतली बाई म्हणाली.

"अहो, दुकान मी काढतेय. नवऱ्याला शिलाई मशीनमधलं ओ की ठो कळत नाही."

"कळायची गरजच नाही. लग्न झालेल्या बाईचं दुकान असलं की नवऱ्याची संमती लागते. त्यांनी इथे समोर येऊन सही करायची. नियम आहे."

माझ्यामागून आलेला टायरवाला शेजारच्या खिडकीवर गेला आणि जेवणाच्या सुट्टीआधी शिक्का घेऊन शीळ घालत बाहेर पडलासुद्धा. मी आपली सकाळपासून तिष्ठत होते. आमच्यासाठी ही एक जादा खिडकी ठेवलेली. रांगेतल्या बायका तिला नवऱ्याची खिडकी म्हणतात.

"विधवा असाल तर ही खिडकी लागत नाही," ती हळूच म्हणाली. मनानं वाईट नव्हती बिचारी. "फक्त मृत्यूचा दाखला आणा."

"कुठून आणू? माणूस जिवंत आहे."

"मग आणा की त्यांनाच!"

जसा काही तो बाहेर सायकलला कुलूप लावत उभा होता!

खरं सांगायचं तर तो कुठे आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. लग्नाला चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हा, एक दिवस कामाला म्हणून गेला तो परत आलाच नाही. गल्लीत मी सांगून टाकलं, बाहेरगावी नोकरी लागली. आधी लाजेपोटी सांगितलं, पुढे तेच अंगवळणी पडलं. ज्यांच्या हाताखाली मी मशीनदुरुस्ती शिकले, त्या काकांनाही तेच सांगत आले. आता काकांना दिसेनासं झालंय, ते दुकान सोडणार. गाळ्याचा मालक म्हणाला, महिनाअखेरपर्यंत बाईंच्या नावाची नोंदणी दाखवा, नाहीतर गाळा मोबाइलवाल्याला देतो. तो गाळा गेला तर माझ्याकडे उरतं काय? घरी दोन खोल्या आणि मी. दिवसभरात चार शब्द बोलायचे ते दुकानात येणाऱ्या बायकांशी, नाहीतर मशीनशी. 'काय गं बये, कुठे अडलीस?' असं मी मशीनलाच विचारते.

शेवटी नाक मुठीत धरून नणंदेकडे गेले. वाटलं होतं, आढेवेढे घेईल. तिनं दारातच पत्ता सांगितला.

"नदीपलीकडे, ट्रकच्या वजनकाट्यावर असतो. शेवटच्या बसथांब्याला उतर. तू कधी विचारलंच नाहीस गं, वहिनी."

नदीपलीकडे! म्हणजे आमच्याच शहरात! मी त्याला मनातल्या मनात कुठे कुठे पाठवलं होतं. वाटायचं, एवढ्या लांब गेलाय, यायचं म्हटलं तरी कसा येणार? आणि हा बाबा एका बसच्या अंतरावर ट्रक मोजत बसला होता. बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडून घेतलं. एवढा अपमान तो गेला तेव्हाही वाटला नव्हता.

मला पाहून त्याचा चेहरा उतरला. इतकी वर्षं मनात त्याला अरे-तुरे करत आले, नाही नाही ते बोलले, पण तो समोर आला आणि तोंडातून आपलं 'अहो'च निघालं.

"अहो, एक सही हवी होती. दुकानासाठी."

"सही?" त्याच्या जिवात जीव आला. "एवढंच ना? उद्या येतो."

आणि आला की! कचेरी उघडायच्या आधी येऊन उभा, इस्त्रीचा शर्ट घालून. रांगेत आमच्या पुढे एक जोडपं होतं. नवरा कागद छातीशी धरून बसलेला. "तू दिवसभर शिवत बसणार, मग मी घरात काय भिंतींशी बोलू?" बायको रागानं लालबुंद. "द्या हो तो कागद! चारचौघांत तमाशा नको," म्हणून खेचत होती. त्यांचं काम त्या दिवशी काही झालं नाही. हसाल मला, पण त्या बाईचा मला हेवा वाटला.

आमचा नंबर आला. यानं कागद वाचला नाही. दुकान कसलं, कुठे, कोणी शिकवलं, काही म्हणजे काही विचारलं नाही.

"तुमची काही हरकत?" खिडकीतल्या बाईनं नियमाप्रमाणे विचारलं.

"छे हो, माझी काय हरकत असणार?" म्हणाला, आणि सही ठोकून मोकळा.

शिक्का बसला. "सुटलात बाई," ती मला म्हणाली. "इतके समंजस नवरे फार थोड्या जणींच्या वाट्याला येतात."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "चहा घ्यायचा?" का विचारलं कोण जाणे.

"नको. घरी वाट बघत असतील," तो म्हणाला आणि रस्ता ओलांडून गेला.

मी तशीच चालत दुकानात आले. काका चष्मा कपाळावर चढवून बसले होते.

"मिळालं?"

"मिळालं."

"अगं मग इतका वेळ का लागला? सहीसाठी गावाहून आलेल्या जावईबापूंनीच अडवलं की काय?"

मी पिशवी खुंटीला अडकवली.

"अडवणारच की," मी म्हणाले. "किती भांडले माहितीये, काका? म्हणाले, तू अशी मशीनमध्ये डोकं घालून बसलीस तर माझ्याकडे कोण बघणार? समजावता समजावता घसा बसला माझा."

काका खूश झाले. "भांडणारच गं. जीव आहे त्यांचा तुझ्यावर."

"हो ना," मी म्हणाले, आणि पुढ्यातल्या मशीनचं झाकण उघडलं.