अंग कोमट लागलं म्हणून

"मान सांभाळा, कांताबाई."

"सांभाळलीय ताई."

शौनक तिच्या पसरलेल्या पायांवर पालथा होता. मी बाथरूमच्या दारात, हातात फोन. सात महिने मी रोज याच दारात उभी राहते आणि रोज हेच सांगते. आज मात्र मला भांडायचं होतं, आणि माझं मूल तिच्या पायांवर होतं.

"काल दीपालीमॅडमच्या बाळाला आंघोळ न घालताच निघालात?"

"अंग कोमट लागलं त्याचं. तेल लावलं न्हाई, पानी घातलं न्हाई. डाक्टरला दावा म्हनलं."

"त्यांनी थर्मामीटर लावला होता. ताप नव्हता."

"मग त्यांनीच घालायची आंघोळ."

"त्यांनी ग्रुपवर लिहिलंय! कोथरूडच्या साडेतीनशे आया वाचतात तो ग्रुप. 'बाई आली, बाळाला हात लावला आणि निघून गेली.' वर माझ्या कंपनीचं नाव. सकाळपासून दोन घरांनी नको म्हणून कळवलंय."

कंपनी म्हणजे मी, हा फोन आणि अकरा बाया. शौनक दहा दिवसांचा असताना कांताबाई हडपसरहून दोन बस बदलून यायला लागली. तिचा हात बघूनच मला घरोघरी बाळांना न्हाऊ घालायला बाया पाठवायचा हा धंदा सुचला. बाकीच्या दहाजणीही तिनंच आणल्या. करार मी नेटवरून उचलला आणि हॉलमध्ये सतरंजी घालून सगळ्यांना वाचून दाखवला : तुम्ही कोणाच्या नोकर नाही, तुम्ही स्वतंत्र. रजा, फंड, बोनस द्यावा लागू नये म्हणून ते वाक्य होतं, हे काही मी वाचून दाखवलं नाही. बाया खूश झाल्या. कांताबाईनं तेवढं विचारलं, "म्हंजी काम कसं करायचं, ते आमचं आमी ठरवायचं?" मी हो म्हणाले होते.

"ताप आहे की नाही हे ठरवणाऱ्या तुम्ही कोण? डॉक्टर आहात?"

"न्हाई. पर काम कसं करायचं ते आमचं, असं तुमीच म्हनला व्हता."

"कसं करायचं ते तुमचं. करायचं की नाही, ते नाही."

तिनं बादलीत कोपर बुडवून बघितलं, तांब्या भरला आणि शौनकच्या पाठीवर बारीक धार धरली.

"पाडव्याला ह्याचं अंग कोमट व्हतं. घातलं का मी पानी?"

नव्हतं घातलं. त्या दिवशी मी तिला चहा करून दिला होता, वर थँक्यू म्हणाले होते.

"ते वेगळं."

"काय येगळं?"

काय वेगळं ते मला माहीत होतं. बोलायची लाज वाटली, म्हणून आवाज चढला.

"उद्यापासून येऊ नका. इथंही नको आणि दुसऱ्या कुठल्या घरीही नको. तुमच्या पाचही घरांना मी दुसरी बाई देते."

बोलून गेले आणि मग घाबरले. जिचं काम मी आत्ता काढून घेतलं, तिच्याच हातात शौनकची ओली मान होती. मी तिच्या बोटांकडे बघत राहिले. बोटं आवळली नाहीत, घाईत आली नाहीत. कानामागचा साबण तिनं अंगठ्यानं काढला, मानेची वळी उघडून धुतली, काखा धुतल्या. शेवटचा तांब्या ओतताना कपाळावर आडवा हात धरला.

"घ्या," म्हणाली.

मी शौनकला टॉवेलात घेतलं. तो जांभई देत होता.

"एप्रन ठेवून जा," मी म्हणाले. "कंपनीचं आहे."

तिनं गाठ सोडली. एप्रनवरचा तेलाचा डाग साबण लावून दोनदा चोळला, एप्रन पिळलं, झटकलं, बाल्कनीतल्या दोरीवर घातलं आणि दोन्ही टोकांना चिमटे लावले. मग पदराला हात पुसत चपला घातल्या.

"दुपारपातुर वाळंल," ती म्हणाली. "नव्या बाईला द्या."